रेशमाच्या कोशाचे देशाटन

आमच्या कुटुंबांत रेशमाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही वस्त्राला नाही. मुंज असो, लग्न असो, श्राद्ध असो की नित्याची देवपूजा असो, सुती वस्त्र धुऊन वाळत घालून कोणाचा स्पर्श न होऊ देता जपावे लागते. पण रेशमी मुकटा किंवा कद नेसला की सोवळ्याची चिंता बरीचशी मिटते. मनुस्मृतीतही कौशेयाच्या शुद्धीचा प्रकार सुती वस्त्राहून निराळा सांगितला असून ते खाऱ्या मातीने शुद्ध करावे असे म्हटले आहे. इतका निकटचा संबंध असूनही हे वस्त्र कोणाच्या शेतात उपजते, कोणाच्या हातांनी उकलले जाते आणि ज्या प्रांतात आज ते उपजते तेथे उद्या उपजेल की नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. सांप्रत हा विचार करण्यास एक विशेष निमित्तही आहे. ज्या मराठवाड्याचे नाव निघाले की अवर्षणच डोळ्यांपुढे उभे राहते, त्याच मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत रेशमाचा कोश मोठ्या प्रमाणावर पिकू लागला आहे. हे पीक तेथे रुजेल काय, हा प्रश्न हजारो घरांच्या चुलीशी निगडित आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या कोशाने आजवर जगात केलेला प्रवास समजून घेतला पाहिजे.

‘कौशेय’ हा शब्दच मुळी ‘कोश’ या शब्दापासून झालेला आहे. अमरसिंहाने आपल्या कोशात या वस्त्राची उत्पत्ती कृमीच्या कोशापासून सांगितली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेयाबरोबर चीनपट्टाचा उल्लेख येतो आणि कालिदासाच्या शाकुंतलात ‘चीनांशुक’ भेटते. म्हणजे आपल्या देशात वन्य रेशीम पूर्वापार असले, तरी तुतीच्या पाल्यावर पोसलेल्या किड्याचे रेशीम चीनचे, ही जाणीव आपल्या पूर्वजांना स्पष्टपणे होती. स्वतःभोवती कोश विणून त्यातच अडकणारा हा किडा वेदान्त्यांच्या दृष्टांतातही वारंवार येतो. ज्ञानेश्वर महाराजांनी सहाव्या अध्यायात आपणच आपला वैरी होणाऱ्या मनुष्याला याच कोशकीटकाची उपमा दिली आहे.

आता या कीटकाचा संसार कसा चालतो ते थोडक्यात पाहू. पतंगाच्या मादीने एका वेळी घातलेल्या चारपाचशे अंड्यांच्या समूहास रेशीम खात्याच्या भाषेत ‘अंडीपुंज’ म्हणतात. सुमारे दहा दिवसांनी अंड्यांतून मुंगीएवढी अळी बाहेर पडते. पुढील सव्वीस-सत्तावीस दिवसांत ती चार वेळा कात टाकते आणि तिचे वजन मूळच्या सुमारे दहा हजार पट होते. तिच्या एकंदर आहारापैकी चार पंचमांशाहून अधिक पाला ती शेवटच्या आठवड्यात खाते. त्या दिवसांत संगोपनगृहात पानांवर पाऊस पडत असल्यासारखा सरसर आवाज अहोरात्र चालू असतो. मग ती खाणे सोडते आणि चंद्रिकेवर चढून दोनतीन दिवसांत आपल्या लाळेच्या अखंड धाग्याने कोश पुरा करते. उत्तम दुबार जातीच्या एका कोशात हा धागा आठशे ते बाराशे मीटर लांब असतो. आतील कोषितावस्थेतील जीव पतंग होऊन बाहेर पडला तर कोश फुटतो आणि अखंड धागा मिळत नाही. म्हणून त्यापूर्वीच कोश उष्णतेने भाजून किंवा वाफवून आतील जीव मारावा लागतो. हे सत्य कटू आहे. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

शंभर अंडीपुंजांस अदमासे हजार किलो पाला लागतो व व्यवस्था चोख राहिल्यास त्यांपासून साठ ते ऐंशी किलो कोश मिळतात. यावरून दिसेल की या धंद्यास चार गोष्टी अवश्य आहेत: ताजा पाला, निरोगी बीज, सौम्य हवा आणि स्वस्त व कुशल मनुष्यबळ. उष्णमान चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास आणि हवेत दमटपणा पुरेसा हवा. दिवसातून तीनचार वेळा पाला घालावयाचा, आसने साफ करावयाची, रोगी अळ्या वेचून दूर टाकावयाच्या, ही कामे लहान मुलाच्या शुश्रूषेसारखी आहेत आणि ती जगात सर्वत्र बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत. या चारांपैकी एक जरी गोष्ट बिघडली तरी कोश त्या प्रदेशातून काढता पाय घेतो, असा इतिहास आहे.

प्रथम बीज बिघडल्याचे उदाहरण घेऊ. इ. स. ५५० च्या सुमारास दोन संन्याशांनी पोकळ काठ्यांत लपवून रेशीमकिड्यांची अंडी कॉन्स्टँटिनोपलास सम्राट जस्टिनियनकडे नेली आणि चीनचे गुपित फुटले, अशी कथा प्रसिद्ध आहे. पुढे इटली व दक्षिण फ्रान्स हे रेशमाचे माहेरघर बनले. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन कोश निघाले. परंतु १८६५ साली हाच आकडा ४,००० टनांवर आला. कारण ‘पेब्रिन’ नावाचा रोग. अळ्यांच्या अंगावर मिरपुडीसारखे काळे ठिपके पडत आणि घरेच्या घरे ओस पडत. त्या वर्षी लुई पाश्चर यांस या रोगाच्या शोधासाठी दक्षिणेतील आलेस गावी पाठविण्यात आले. त्यापूर्वी त्यांनी रेशमाच्या किड्याचा अभ्यास मुळीच केलेला नव्हता. पाच वर्षे त्यांनी हे काम नेटाने चालविले. मध्यंतरी पक्षाघाताचा झटका आला तरी सोडले नाही. त्यांनी शोधलेला उपाय आजही जगभर चालू आहे. प्रत्येक मादीस निरनिराळी अंडी घालू द्यावयाची, नंतर तिचे शरीर कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे आणि रोगाचे कण आढळल्यास तिची सर्व अंडी नष्ट करावयाची. या युक्तीने बीज वाचले. पण फ्रान्सचे कोश पूर्वीच्या संख्येस पुन्हा कधीही पोहोचले नाहीत. मध्यंतरी पूर्वेकडील स्वस्त रेशीम सुएझच्या कालव्यातून युरोपात येऊ लागले होते आणि शेतकऱ्याच्या मुलास शहरात अधिक मजुरी मिळू लागली होती. रोगाने दार उघडले आणि अर्थशास्त्राने ते पुन्हा लागू दिले नाही.

दुसरे उदाहरण जपानचे. १८७२ साली तेथील सरकारने तोमिओका येथे फ्रेंच यंत्रांचा मोठा रीलिंग कारखाना काढला. १९०६ साली तोयामा कामेतारो या शास्त्रज्ञाने मेंडेलचे आनुवंशाचे नियम रेशीमकिड्यांसही लागू पडतात हे दाखवून दोन जातींच्या संकरित पहिल्या पिढीचा उपयोग करण्याचा मार्ग सुचविला. त्या मार्गाने जपान इतके पुढे गेले की १९३० च्या सुमारास तेथे बावीस लाख शेतकरी कुटुंबे कोश काढीत होती आणि वार्षिक उत्पन्न चार लाख टनांच्या घरात गेले होते. पण यांतील बहुतांश रेशीम एकट्या अमेरिकेस, तेथील स्त्रियांच्या पायमोज्यांसाठी जात होते. १९२९ च्या मंदीने भाव कोसळले. १९३८ साली नायलॉन प्रगट झाले. १९४१ साली युद्धाने व्यापारच तोडला. युद्धानंतर धंदा काहीसा सावरला, परंतु देश जसजसा धनवान झाला तसतशी तुतीच्या शेतांवर घरे व कारखाने उठले. आज तेथील कोशांचे वार्षिक उत्पन्न शंभर टनांच्याही आत आले असून तोमिओकाचा कारखाना जागतिक वारसास्थळ म्हणून पाहावयास ठेवलेला आहे. चार लाख टनांवरून शंभर टनांच्या आत, हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात झाला.

तिसरे उदाहरण खुद्द चीनचे आहे आणि आम्हांस ते सर्वांत बोधप्रद वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनने जपानला मागे टाकून आपले प्राचीन अग्रस्थान परत मिळविले. पण ज्या ज्यांगसू व ज्यज्यांग या पूर्वेकडील प्रांतांत रेशमाची परंपरा होती, तेथे कारखाने व बंदरे वाढली, जमीन महागली, मजुरी चढली. तेव्हा २००६ साली चीन सरकारने पूर्वेची तुती पश्चिमेकडे नेण्याचे धोरणच आखले. दक्षिणेकडील ग्वांगशी हा डोंगराळ व तुलनेने गरीब प्रांत २००५ सालीच कोशांच्या उत्पादनात चीनमध्ये पहिला झाला होता. आज त्या देशाचे निम्म्याच्या आसपास कोश तेथेच निघतात. जपानात जे आपोआप घडले ते चीनने जाणूनबुजून घडविले. धंदा देशाबाहेर जाऊ न देता एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेला.

या तिन्ही उदाहरणांवरून एक सूत्र निघते. रेशीम हे श्रीमंतांचे वस्त्र खरे. पण रेशमाचा कोश श्रीमंतीत टिकत नाही. ज्या प्रदेशात कष्टाळू हात पुष्कळ, जमीन थोडी आणि दुसरा धंदा दुर्लभ, तेथे तो वस्ती करतो. त्या प्रदेशास तो चार पैसे मिळवून देतो, मुलांस शाळेत घालतो, आणि ती मुले मोठी होऊन पाला तोडण्यास नकार देऊ लागली की तो पुढचे गाव शोधतो. लक्ष्मीला चंचल म्हणण्याची आपली परंपरा आहे. पण लक्ष्मीचे हे वस्त्र तिच्याहून चंचल दिसते.

आता आपल्या देशाकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालचे रेशीम प्रसिद्ध होते. मुर्शिदाबाद व मालदा या भागांत कंपनीने इटालियन पद्धतीचे कारखाने चालविले. पुढे रोग, बेपर्वा बीज आणि जपान व चीनची चढाओढ यांमुळे तो धंदा खालावला. मालदा व मुर्शिदाबाद येथे तो आजही आहे, पण पूर्वीचा डौल उरला नाही. काश्मीरची हवा या कीटकास जवळजवळ युरोपसारखी. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस वॉर्डल यांच्या सल्ल्याने संस्थानाने धंद्याची नव्याने उभारणी केली आणि श्रीनगरचा रेशीम कारखाना नावारूपास आला. परंतु तेथील थंडीमुळे वर्षाकाठी एकदोनच पिके निघतात, आणि सफरचंदाची बाग त्याहून अधिक उत्पन्न देऊ लागल्यावर तुतीकडे कोण लक्ष देणार?

या दोन्ही प्रांतांस मागे टाकून पुढे आले ते म्हैसूर. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून बीज आणवून हा धंदा तेथे लावला. १८९६ साली जमशेटजी टाटा यांनी बंगळूर येथे जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने रेशीमशेती काढली. पुढे म्हैसूर संस्थानाने स्वतंत्र रेशीम खाते निर्माण केले. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरील तेथील पठाराची हवा बारमाही सौम्य असल्यामुळे वर्षात पाचसहा पिके निघू शकतात. पण केवळ हवेने हे साधले नाही. तेथे १९५९ साली कायदा करून बीज कोणी विकावे व कोश कोठे विकावेत यांवर नियंत्रण ठेवण्यात आले. शेतकऱ्याने आपले कोश सरकारी बाजारात आणावयाचे, तेथे उघड लिलाव व्हावयाचा आणि पैसे मिळावयाचे. आशियातील सर्वांत मोठा म्हणून ओळखला जाणारा रामनगरचा कोशबाजार या व्यवस्थेचे फळ आहे. आमच्या मते म्हैसूरच्या यशातील निम्मा वाटा हवेचा आणि निम्मा या विश्वासाचा मानला पाहिजे.

असे असूनही म्हैसूरवर संकटे आली नाहीत असे नाही. १९८० साली बंगालमधून आलेल्या कोशांबरोबर उझी नावाची माशी कर्नाटकात शिरली. ही माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या रेशीमकिड्यास आतून पोखरतात. पुढे बंगळूर शहर पसरत जाऊन रामनगरच्या वाटेवरील जमिनीस सोन्याचा भाव आला. पण जपानच्या साहाय्याने म्हैसूरच्या संशोधन संस्थेत १९९० नंतरच्या दशकात दुबार जातींचे नवे संकर तयार झाले, ‘व्ही-१’ ही भरघोस पाल्याची तुती निघाली, आणि थोड्या जमिनीत अधिक व चांगले कोश येऊ लागले.

आजचे आकडे पाहू गेल्यास, २०२३-२४ साली भारतात एकंदर ३८,९१३ टन कच्चे रेशीम निघाले. त्यांपैकी तुतीचे २९,८९२ टन, एरी ७,१८३ टन, टसर १,५८६ टन आणि आसामचे सोनेरी मुगा २५२ टन. सहा वर्षांपूर्वी, २०१७-१८ साली, एकंदर आकडा ३१,९०६ टनांचा होता. या वाढीत कर्नाटक अद्याप अग्रेसर असून देशाच्या रेशमाचा सुमारे एक-तृतीयांश भाग त्याचाच आहे. त्याच्या पाठोपाठ आंध्र प्रदेश आहे. तेथील हिंदुपूरचा कोशबाजार प्रसिद्ध आहे. तथापि ज्या प्रांतांत रेशमाची पूर्वपरंपरा नाही, त्यांत महाराष्ट्राचे नाव पहिल्याने घेतले जाते, ही गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक नसेल.

महाराष्ट्रात विणकर पूर्वापार होते, कोश नव्हता. पैठण व येवल्याच्या मागांवर येणारे रेशीम बाहेरचे असे. १८३० नंतरच्या दशकात मुटी नावाच्या इटालियन गृहस्थाने पुण्याकडे तुतीचे मळे लावून पाहिले, पण तो प्रयोग टिकला नाही. त्यानंतर दीर्घकाळ या बाबतीत सामसूम होती. १९९७ साली राज्याचे स्वतंत्र रेशीम संचालनालय नागपूर येथे स्थापन झाले आणि रोजगार हमीच्या योजनेतून तुतीच्या लागवडीस साहाय्य मिळू लागल्यावर बीड, जालना, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतील शेतकरी तिकडे वळला. त्याचे कारण उघड आहे. कापसाचे किंवा सोयाबीनचे पीक वर्षातून एकदा पैसा देते. पाऊस हुकला की वर्ष बुडाले. उलट एकदा लावलेली तुती दहाबारा वर्षे पाला देते, ठिबकाने तिला उसाच्या मानाने थोडे पाणी पुरते, आणि एक-दीड एकर तुतीवर वर्षातून चारपाच वेळा कोश निघून हाती रोकड येते. ज्या घरात सावकाराचा हप्ता दर दोन महिन्यांनी डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या घरात दर दोन महिन्यांनी येणाऱ्या पैशाचे मोल काय हे आम्ही निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु हे चित्र रंगविताना त्याची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्याचे पठार म्हणजे म्हैसूरचे पठार नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत तेथे उष्णमान चाळीस अंशांच्या वर जाते. छपरावर पाणी शिंपडून व ओली पोती लावूनही त्या दिवसांत अळ्या जगविणे कठीण, म्हणून पुष्कळ शेतकरी ते पीक घेतच नाहीत. तुती थोड्या पाण्यावर भागवीत असली तरी तिला पाणी लागतेच. विहीर आटली की पाला गेला आणि पाला गेला की उपाशी अळ्यांस दुसरे काही चालत नाही. शेजाऱ्याने आपल्या कापसावर कीटकनाशक फवारले आणि वारा इकडचा असला, तर तो पाला खाऊन हजारो अळ्या एका रात्रीत मरतात. येथे दोष शेजाऱ्याचा म्हणावा की वाऱ्याचा? ज्या गावांत सर्व बांधकरी मिळून फवारणीचा दिवस आधी सांगतात तेथेच हा धंदा सुखाने नांदेल. यास पैसा लागत नाही. केवळ शेजारधर्म लागतो.

यापेक्षाही मोठी चिंता भावाची आहे. २०११ साली केंद्र सरकारने कच्च्या रेशमावरील आयात जकात ३० टक्क्यांवरून एकदम ५ टक्क्यांवर आणली. चिनी धागा स्वस्त झाला, विणकर सुखावला. पण कोशाचे भाव गडगडून कर्नाटकातील शेतकरी रस्त्यावर आला. पुढे जकात वाढविण्यात आली आणि २०२१ च्या अंदाजपत्रकात ती १० वरून १५ टक्के करण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत लग्नसमारंभ थांबले तेव्हा साड्या खपेनात आणि कोशास गिऱ्हाईक मिळेना. पुढे दोन वर्षांच्या आत तेच भाव कितीतरी वर चढले. धान्य घरात साठविता येते. ओला कोश साठविता येत नाही. आठदहा दिवसांत तो विकला नाही किंवा भाजला नाही, तर पतंग बाहेर पडून सर्व श्रम व्यर्थ जातात. म्हणूनच या मालाचा विक्रेता बाजारात सदैव घाईत असतो, आणि घाईत असलेल्या विक्रेत्यास रास्त भाव क्वचितच मिळतो. पूर्वी मराठवाड्याचा शेतकरी पोत्यांत कोश भरून रातोरात रामनगरपर्यंत जात असे. २०१८ साली जालना येथे कोशबाजार सुरू झाला. पुढे बीड व बारामती येथेही अशी सोय झाली. म्हैसूरने जो विश्वास सहा दशकांपूर्वी निर्माण केला, त्याचा हा आपल्याकडील प्रारंभ समजावा.

मात्र केवळ बाजार निघाल्याने काम पुरे होत नाही. कोशापासून धागा काढण्याच्या धंद्यास रीलिंग म्हणतात. ते करणारी केंद्रे महाराष्ट्रात अद्याप मोजकी आहेत, म्हणून आपले पुष्कळसे कोश कर्नाटकात जातात, तेथे त्यांचा धागा होतो, आणि तोच धागा बंगळूरच्या व्यापाऱ्यामार्फत येवल्याच्या विणकराकडे परत येतो. बीडपासून येवला दोनशे किलोमीटरांच्या आसपास. पण बीडचा कोश येवल्यास पोहोचावयाचा तर कावेरीकाठचे तीर्थाटन करूनच! या फेऱ्यात मजुरी, दलाली आणि कौशल्य ही तिन्ही परप्रांतात राहतात. आमचे असे स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातील कोश टिकावयाचा असेल, तर सर्वाधिक द्रव्य व लक्ष यापुढे लागवडीवर नव्हे, तर बीज व धागा या दोन टोकांवर खर्च झाले पाहिजे. बीज दुसऱ्याचे आणि धागाही दुसऱ्याकडे, अशा स्थितीत मधला शेतकरी म्हणजे केवळ पाला तोडणारा हमाल होऊन बसतो.

तुतीखेरीज आपल्याकडे आणखी एक रेशीम आहे आणि ते मराठवाड्याच्या कोशाहून कितीतरी जुने आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या वनांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसरचा किडा पोसला जातो. ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आली आहेत. हा किडा घरात वाढत नाही. उघड्या झाडावर तो सोडावयाचा आणि पक्षी, मुंग्या, खारी यांपासून रात्रंदिवस राखण करावयाची. टसरमध्ये आज झारखंड अग्रेसर असून आपला वाटा लहान आहे. परंतु जंगल, झाड व माणूस या तिघांचे एकमेकांवरील अवलंबन पाहावयाचे असेल, तर याहून चांगले उदाहरण विरळाच. झाड तुटले तर रेशीम गेले, म्हणून रेशीमवाला झाड तोडू देत नाही.

आता ज्या कटू सत्याचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्याकडे येऊ. शाळेतील साधे त्रैराशिक मांडावे. एका साडीस अर्धा किलो रेशीम लागते असे धरले आणि एक किलो रेशमास सात किलो ओले कोश लागतात असे मानले, तर साडीमागे साडेतीन किलो कोश झाले. किलोत सुमारे सहाशे कोश बसतात. म्हणजे एका साडीस दोन हजारांहून अधिक जीव, आणि त्यांच्या पोषणास पन्नास किलो पाला. अहिंसेस परमधर्म मानणाऱ्या आपल्या घरांत हेच वस्त्र सर्वांत पवित्र कसे, हा प्रश्न आजच्या तरुण मुली विचारतात आणि त्यांस उर्मट म्हणून गप्प करणे आम्हांस योग्य वाटत नाही. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी याच कारणास्तव रेशीम सोडण्याचा उपदेश केला होता, आणि तोही कांचीवरम साड्यांसाठी विख्यात असलेल्या नगरीतून. एरी रेशमाचा कोश एका टोकास उघडा असतो. तो उकलण्याऐवजी कातला जात असल्यामुळे पतंग निघून गेल्यावरही वापरता येतो. ज्यांच्या मनास टोचणी आहे त्यांनी हे रेशीम पाहावे. त्याची तकाकी कमी, पण ऊब अधिक असते.

दुसऱ्या बाजूस तो शेतकरीही डोळ्यांआड करता येत नाही. रेशीम एकाएकी सर्वांनी टाकले तर बीडच्या विधवेचे संगोपनगृह बंद पडेल, आणि तिची भूक हीही एक हिंसाच आहे. आमच्या आजींच्या पिढीत एक पैठणी तीन पिढ्या नेसली जाई. मुकटा झिजेपर्यंत वापरला जाई. त्यांना अहिंसेची चर्चा ठाऊक नव्हती, परंतु मितव्ययात ती आपोआप साधली होती. आज कपाटात साड्यांची चळत असते आणि त्यांतील काही एकदाच नेसलेल्या असतात. रेशीम थोडे घ्यावे, खरे घ्यावे आणि पूर्ण मोल देऊन घ्यावे, हाच मध्यममार्ग आम्हांस गृहस्थाश्रमास उचित वाटतो. खरेपणाची खूण साधी आहे. पदराच्या टोकाचा एखादा धागा जाळला असता केस जळल्यासारखा वास यावा आणि राख बोटाने चुरडली जावी. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. याशिवाय केंद्रीय रेशीम मंडळाच्या वतीने २००४ सालापासून ‘सिल्क मार्क’ ही खूण दिली जाते. दुकानदाराकडे ती अवश्य मागावी. नकली रेशमास दिलेला प्रत्येक रुपया कोश पिकविणाराच्या ताटातून जातो.

आलेसचे मळे ओस पडले, तोमिओकाची चाके थांबली, काश्मीरची तुती मागे पडली. उद्या मराठवाड्याची मुले शिकून शहराकडे गेली आणि कोशाने तेथूनही मुक्काम हलविला, तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. ज्या कामाने घर वर आले ते काम पुढील पिढीने सोडले तर त्यात त्या कामाचे यशच आहे. परंतु रोगट बीज, कोसळलेला भाव आणि बांधावरचा वैरभाव यांमुळे तो आजच निघून गेला, तर मागे उरेल ते पुन्हा कर्ज आणि पुन्हा अवर्षण. पहिल्या प्रकारचे जाणे आणि दुसऱ्या प्रकारचे जाणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि यांपैकी कोणते घडावे हे ठरविणे अजून आपल्या सर्वांच्या हाती आहे.